डब्याच्या अंतरावरचं कॉलेज

पेठनाक्यावर उभ्या असलेल्या माणसापुढं दोन वाटा असतात. हायवेनं सरळ वर गेलं की कराड, पुढं सातारा. नाक्यावरून आत वळलं की आष्टा, पुढं सांगली. वाळवा तालुक्यातल्या कितीतरी पोरांचं शिक्षण, नोकरी, लग्न, घर असं सगळं या नाक्यावर ठरलेलं आहे, आणि ते आपण विचार करून ठरवलं असं छातीठोक सांगणारा खरा माणूस मला तरी भेटलेला नाही. आमच्या भावकीतले एक काका सांगलीची गाडी खच्चून भरलेली होती म्हणून साताऱ्याच्या गाडीत चढले. तिथंच बी.ए. झाले, तिथंच मास्तर म्हणून लागले आणि गोडोलीत घर बांधून मोकळे झाले. आता विचारलं तर ‘संस्थेची परंपरा बघून निर्णय घेतला’ म्हणतात. माणूस एकदा सेवानिवृत्त झाला की त्याच्या सगळ्या जुन्या निर्णयांना भारदस्त कारणं सापडतात.

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडं घरोघरी बैठक बसते. वडील खुर्चीत, चुलते पायरीवर, मामा फोनवर आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं तो चहाचे कप विसळत आत. ‘साताऱ्याची हवा चांगली.’ ‘सांगलीत डास लय.’ ‘साताऱ्यात पोरगं चढानंच दमंल, अभ्यास कवा करंल?’ ‘सांगलीला पूर येतो.’ हवा, डास, चढ, पूर असं सगळं निघतं. कॉलेजात काय शिकवतात हा विषय तेवढा निघत नाही. शेवटी आजोबा खाकरून म्हणतात, ‘सातारा काय न् सांगली काय, जिल्हा एकच.’ पोरं हसतात, पण म्हातारा चुकलेला नसतो. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले. त्यातल्या दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं ते १९६० मध्ये. म्हणजे अकरा वर्षं सांगलीकर कागदोपत्री सातारकरच होते. ही आठवण आज सांगलीत कुणाला करून देऊ नये. नाव बदललं तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे सांगलीकडं गेलं आणि कराड साताऱ्याकडं राहिलं. जिथं मुख्यमंत्र्यालाच दोन्हीकडं पाय ठेवावा लागला, तिथं बारावी झालेल्या पोराची काय कथा!

तर बैठकीत इतकं सगळं बोलून झाल्यावर आजी एकच प्रश्न विचारायची आणि निकाल लावायची. ‘डबा पोचंल का?’

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना हे सांगितलं पाहिजे. शिकायला तालुक्याला किंवा जिल्ह्याला राहिलेल्या पोरांचे डबे गावाकडून एसटीनं जायचे. पहाटे आई चुलीपुढं बसायची. भाकऱ्या, कोरड्यास, खर्डा नाहीतर शेंगदाण्याची चटणी. आमटीला या प्रवासात मज्जाव, कारण कितीही घट्ट झाकण असलं तरी आमटी आष्ट्याच्या पुढं जात नाही, शेजारच्याच्या डब्यात उतरते. डबा फडक्यात बांधून पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या स्वाधीन करायचा. तो डावीकडच्या बॉनेटवर एकावर एक रचायचा. बॉनेट तापलं की भाकरी ऊन राहते, हा एक फायदा. दहीभात पाठवला असेल तर मात्र त्याचं काही खरं नसे.

गाडी स्टँडात शिरली की पोरांचा घोळका आधीच उभा. खरी गंमत पुढं होती. आपल्याकडं भांड्यावर नाव कोरायची पद्धत. डबा बहुतेक वेळा आईच्या नाहीतर चुलतीच्या लग्नात आलेला असायचा, आणि त्याच्यावर कोरलेलं असायचं देणाऱ्याचं नाव, गाव आणि ‘यांजकडून सप्रेम भेट’. कंडक्टरला पोराचं नाव माहीत नसे, त्यानं डबा वाचलेला असे. त्यामुळं गर्दीतून हाळी यायची, ‘शिराळ्याचे तात्यासाहेब, या पुढं!’ आणि सतरा वर्षांचे तात्यासाहेब मिसरूड फुटायच्या बेतात, पायात स्लीपर, अशा थाटात पुढं होऊन डबा उचलायचे. काहींना हे नाव कॉलेजभर चिकटलं. संध्याकाळी रिकामा डबा त्याच गाडीनं परत जायचा आणि त्यात चिठ्ठी असायची. चिठ्ठीतला मजकूर साहित्याच्या इतिहासात नोंदवण्यासारखा नसे. ‘फी भरायची आहे’ आणि ‘खर्डा कमी पाठव’ या दोन वाक्यांपलीकडं तो क्वचित गेला.

हा डबा म्हणजे आमच्या भागाचा शैक्षणिक नकाशा होता. पहिली गाडी जेवणवेळेच्या आत जिथं पोचते, तिथवर उच्च शिक्षण. कराड आत, सांगली आत, कोल्हापूरही आत. सातारा काठावर. पुणे बाहेर. पुण्याला पोचेपर्यंत भाकरीची पापडी होते, म्हणून कितीतरी हुशार पोरं फर्ग्युसनला मुकली. गुणवत्ता कमी नव्हती, भाकरी टिकत नव्हती.

ज्याचा डबा पोचत नाही, त्याच्यासाठी नातेवाईक. साताऱ्यात मामा, सांगलीत आत्या किंवा उलट. ‘भाड्याचा पैसा वाचतो आणि पोरगं नजरंखाली राहतं’ असं म्हणून ट्रंक तिथं जाऊन पडायची. पैसा वाचायचा हे खरं. पण दळण आणणं, गॅसचा नंबर लावणं, मामेभावाचं गणित घेणं आणि मामीच्या माहेरचं कुणी आलं की गच्चीवर झोपणं हा सगळा अभ्यासक्रम त्या न भरलेल्या भाड्यात धरलेला असे. त्यात मामा तोंडानं काही बोलत नाही आणि मामी फक्त भांड्यांचा आवाज करते. विद्यार्थ्यानं दुसऱ्या वर्षाला खोली बघितली, की त्याचं कारण बहुतेकदा तो भांड्यांचा आवाज असतो.

नातेवाईकही नसला तर काय, या प्रश्नावर मात्र आमच्याच तालुक्यातल्या एका माणसानं जन्म घालवला. भाऊराव पाटील मूळ ऐतवडे बुद्रुकचे. शिकायला कोल्हापूरला गेले, जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते जाऊन आले तेव्हा बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, आंघोळ करून आत या. भाऊरावांनी आंघोळीला नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. पुढं किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले आणि १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली. तिथल्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहायची, एकाच चुलीवरचं जेवायची, स्वतः रांधायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, त्यात मंगळसूत्रही गेलं. आंघोळ केली नाही म्हणून बाहेर काढलेल्या मुलानं हजारोंना आत घ्यायची सोय केली. आजच्या वसतिगृहात कुणी आंघोळ केली नाही तर एवढंच समजायचं, की नळाला पाणी आलेलं नाही.

साताऱ्याचं नाव निघालं की आणखी एक विद्यार्थी आठवतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं. वडिलांची नोकरी साताऱ्यात, म्हणून शाळा साताऱ्यात. गाव निवडायचा प्रश्नच नव्हता, वर्गात बसू देतात की नाही हा होता. २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पाळतात हे चांगलंच आहे. पण दोन्ही शहरांत खोली बघायला गेलेल्या पोराला अजून पहिला प्रश्न ‘कुठल्या कॉलेजला?’ असा येत नाही. तो ‘आडनाव काय?’ असा येतो. दुसरा ‘मटण-मासे खाता का?’ आणि या दोन उत्तरांवर खोली रिकामी आहे की कालच गेली ते ठरतं. रिकाम्या खोल्या अशा एका रात्रीत भरायचा चमत्कार इतक्या वर्षांत कमी झालेला नाही.

आता ही दोन गावं. कालेत रयत निघाली त्याच १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं. साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं, सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज, आताचं वालचंद, तेही १९४७ चं. दोघांत उणंदुणं काढायची सोयच नियतीनं ठेवलेली नाही. पुढं १९६० मध्ये कराडला सरकारी इंजिनिअरिंग आलं, १९६१ मध्ये साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा, १९६२ मध्ये मिरजेला सरकारी मेडिकल आणि त्याच वर्षी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. ज्याच्याबद्दल घरात एकमत होत नाही त्याला कराडला घालायचं, हा तोडगा तेव्हापासूनचा. पु. ल. देशपांडे फर्ग्युसनला बी.ए. झाले, पण एम.ए. सांगलीच्या विलिंग्डनमधून. पुण्याहून शिकायला सांगलीकडं येणारी गाडी रिकामी असली तरी धावते, हे पटवायला मी हे उदाहरण सढळ हातानं वापरतो. समोरचा गप्प बसतो आणि पोराला पुण्यालाच घालतो.

साताऱ्यात राहणं म्हणजे उतारावर राहणं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गाव, त्यामुळं खोलीतून निघताना सायकल आपोआप पळते आणि परत येताना हातात धरून आणावी लागते. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडं ज्यानं जूनमध्ये ओली छत्री घेऊन चढ काढलाय त्याला वेगळा व्यायाम लागत नाही. रेल्वे स्टेशन माहुलीकडं, गावापासून इतकं लांब की रेल्वेनं आलेला पाहुणा खोलीवर पोचेपर्यंत निम्मा परका होतो. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. शर्ट दोन दिवस दोरीवर राहतो आणि तिसऱ्या दिवशी ओलाच अंगावर चढतो. आणि सप्टेंबर आला की कास. पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि साताऱ्यात शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या नातेवाइकांत अचानक भर पडली. जे काका दहा वर्षं फोन करत नव्हते ते ‘फुलं उमललीत का?’ विचारतात, सहकुटुंब येतात, गाडीत पुढं पोराला बसवतात आणि जाताना कंदी पेढे घेऊन देतो म्हणतात. पेढे घेतात, आपल्या घरी नेतात.

सांगली सपाट. तिथं सायकल दोन्ही बाजूंनी सारखीच चालते, माणसंही बहुधा म्हणूनच निवांत. संध्याकाळी शंभर फुटी रोडला भडंगावर कांदा-लिंबू पिळून घेत दीड तास उभं राहिलं तरी कुणी ‘काम नाही का?’ विचारत नाही. पण सांगलीकर मोजमाप करतो ते फुटात. ऑगस्टात दूधवाला, रिक्षावाला, सर, सगळे एकमेकांना विचारतात, ‘आयर्विनला किती?’ आयर्विन पुलाशी चाळीस फूट झाले की इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. मारुती चौक, टिळक चौकाच्या बाजूला खोली बघताना मालक भिंतीवर हात ठेवून सांगतो, ‘इथवर आलं होतं.’ सांगण्यात तक्रार नसते, जरा अभिमानच असतो. पोरगं मान वर करून बघतं आणि वरच्या मजल्याचं भाडं विचारतं.

सांगलीतल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला कास नसतं, त्याच्या वाट्याला मिरज असते. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि तेव्हापासून मिरज हे साऱ्या मुलखाच्या दुखण्याचं गाव झालं. गावाकडच्या कुणाचं गुडघ्याचं, कुणाचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं की घरचे म्हणतात, ‘आपलं पोरगं तिथंच हाय की.’ मग सेमिस्टरच्या आदल्या रात्री ते पोरगं कधी न बघितलेल्या चुलत आज्यापाशी वॉर्डात बसतं, नारळपाणी आणतं, बिलाच्या खिडकीपुढं उभं राहतं आणि मेसचा डबा अर्धा त्यांना देतं. ज्या गावानं त्याला डबा पाठवला त्याच गावाची ही वसुली म्हणायची. माझं प्रामाणिक मत असं की, सांगलीत चार वर्षं काढलेला इंजिनिअर मशीनपेक्षा हॉस्पिटलचे विभाग जास्त नीट सांगतो.

डब्याचा नकाशा मोडला तो १९८३ नंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यानं विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. दादा सांगलीचे, स्वतः कॉलेजची पायरी न चढलेले. शिकायला बाहेरच्या राज्यात जाणारा पोर आणि पैसा इथंच थांबावा असा हिशेब होता. बघता बघता साखर कारखान्याच्या शेजारी इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. एका बाजूनं उसाच्या ट्रॉल्या आत, दुसऱ्या बाजूनं पोरं आत. आता प्रश्न ‘डबा पोचंल का’ असा राहिला नाही, कॉलेजच डब्याजवळ आलं. आणि नेमकं तेव्हापासून पोरांना लांब जायची हौस सुटली.

आज सगळं ऑप्शन फॉर्मवर चालतं. सीईटीचे पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढं लांबच लांब, आणि त्याखाली पसंतीक्रम: पुणे, पुणे, पुणे, सांगली, कराड, सातारा. वडील नेट कॅफेत पोराच्या खांद्यावरून वाकून बघतात, मालक विचारतो, ‘काका, लॉक करू?’ पहिली पसंती लागली तर जागा आपोआप फ्रीज. जे गाव चार वर्षं झेलायचं ते माऊसच्या एका टिचकीवर, न बघता. पुण्याला लागलेली पोरं दर शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटला गावाकडच्या गाडीसाठी धक्काबुक्की करतात, आणि सोमवारी पहाटे परत जाताना पिशवीत काय असतं? भाकरी, खर्डा. अंतर वाढलं, पापडी झालेली भाकरी आता मायक्रोवेव्हमध्ये घालतात, एवढाच बदल.

मुलींची गोष्ट निराळी. मुलाला विचारतात ‘कुठं राहणार?’, मुलीला विचारतात ‘जाऊन-येऊन होईल का?’ तिचं कॉलेज कटऑफ ठरवत नाही, शेवटची गाडी ठरवते. प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि गावची गाडी पावणेपाचला, तर सायन्स बाद, कॉमर्स कायम. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी शासनानं माफ केली. फार मोठी गोष्ट आहे. त्या निर्णयाच्या जोडीला कुणी शेवटची गाडी सव्वासहाची केली, तर आमच्या भागातल्या निम्म्या कॉमर्सवाल्या मुली सायन्सला दिसतील असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी डेपोत दोनदा तोंडी मांडून आलोय.

म्हणून यंदा ज्यांच्या घरी बैठक बसणार आहे त्यांना एवढीच विनंती, की फॉर्म लॉक करायच्या आधी एक दिवस काढा आणि पोराला किंवा पोरीला एकटं त्या गावाला पाठवा. मामाला कळवू नका. स्टँडवर उतरून कॉलेजपर्यंत पायी जाऊ द्या. दुपारी मेसमध्ये जेवू द्या, पण रविवारी नको. रविवारी दुपारी गोडधोड असतं आणि रात्री मेस बंद. साताऱ्यात असेल तर जुलैत कपडे कुठं वाळतात ते विचारू द्या, सांगलीत असेल तर २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते. शेवटची गाडी किती वाजता आहे ते फलकावर वाचू देऊ नका, कंट्रोलरला विचारू द्या. फलकावरच्या कितीतरी गाड्या कधीच्याच बंद झालेल्या असतात. मग त्याच शेवटच्या गाडीनं ते घरी आलं की जे काय लॉक करायचं ते करा. खर्चाची काळजी नको. मुलींना एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धंच आहे. मुलांनी पूर्ण काढावं.